वेदीवरील लेस : आयर्लंडच्या जाळीकामाची हकीकत

या जुबिली-स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक मजकूर लिहून द्यावा, अशी संपादक-मंडळानें आम्हांस विनंती केली. आपल्या देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोठून आली आणि आजवर कोण कोण विगार होऊन गेले, हें सर्व आम्हीं लिहावें असें मंडळींच्या मनांत असावें. परंतु तो वृत्तांत या पुस्तकांत अन्यत्र, आमच्याहून चांगल्या स्मरणशक्तीच्या गृहस्थांनीं दिला आहे. आम्हीं येथें एका कापडाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. हें कापड म्हणजे सणावारीं मोठ्या वेदीवर अंथरलें जाणारें पांढरें वस्त्र, आणि हकीकत आहे ती त्याच्या कडेस लावलेल्या वीतभर रुंद लेसची.

प्रथम आमच्याच हातून घडलेला प्रमाद कबूल करणें प्राप्त आहे. आम्ही या फिरगजेंत रुजू झालों त्या पावसाळ्यांत साक्रिस्तींतील कपाटें रिकामीं करून झाडण्याचें काम काढलें होतें. अगदीं तळच्या खणांत हें वस्त्र सांपडलें. ओल लागून तें पिवळें पडलें होतें, एका कोंपऱ्यास भोंक होतें, आणि कडेची जाळी दोन-तीन ठिकाणीं सुटली होती. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें १९६३ सालीं उपासनेच्या साहित्यांत डामडौलापेक्षां शालीन सौंदर्य पाहावें असें ठरविलें, हें आम्हीं सेमिनरींत शिकलों होतों. आणि पाद्र्याच्या हातीं असें एखादें तत्त्व आलें म्हणजे तो पुष्कळदां तें केरसुणीसारखें वापरतो. आम्हीं तें वस्त्र पितळी शमादानें पुसण्यास देऊन टाकलें. वेदीवर फुलें ठेवावयास येणाऱ्या एका वृद्ध बाईनें तें साक्रिस्तांवाच्या हातून काढून घेतलें, घरीं नेलें, आणि आठ दिवसांनीं स्वच्छ धुऊन आमच्यापुढें आणून ठेवलें. "फादर, हें पुसायचें फडकें नव्हे," ती म्हणाली, "माझ्या आईचे डोळे यांत गेले."

त्यानंतर आम्हीं तें वस्त्र प्रथमच उजेडांत धरून पाहिलें. जाळीमध्यें पाकळ्यांचे तीन थर एकावर एक चढविलेला गुलाब होता. गुलाबांच्या मधून मधून तीन पानांची एक लहान डहाळी होती. आणि सर्व मोकळी जागा साखळीच्या बारीक चौकटींनीं व गांठींनीं भरलेली होती. त्या डहाळीस आमच्या बायका आंबुशी म्हणतात, आणि पावसाळ्यांत कुंपणाकडेला उगवणाऱ्या आंबट आंबुशीशीं तिचें साम्य आहे खरें. परंतु ती आंबुशी नव्हे. ती आयर्लंडची शॅमरॉक होय. संत पॅट्रिकनें तिच्या तीन पानांवरून त्रैक्याचें रहस्य लोकांस समजावून दिलें, अशी त्या देशांत आख्यायिका आहे. वस्त्र करणारी बाई एका कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गांत क्रोशा शिकली होती, आणि तेथें नमुन्यांचें छापील पुस्तक होतें, असें तिच्या मुलीनें आम्हांस सांगितलें. साष्टींतील एका बाईच्या हातीं आयर्लंडचें पान कसें आलें, याचा शोध करतां करतां जें हातीं लागलें तें पुढें देत आहों.

लेस या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील 'लाक्वेउस' म्हणजे फांस या शब्दांत आहे. कशिदा कापडावर काढतात. लेसमध्यें मात्र कापड नसतेंच, किंवा असलें तरी अखेरीस कापून टाकलें जातें, आणि राहते ती फांसांची व पोकळीची रचना. युरोपांत ही कला सोळाव्या शतकांत भरभराटीस आली. व्हेनिसकडे ती एका सुईनें करीत, फ्लांडर्सकडे उशीवर टांचण्या टोंचून अनेक फिरक्यांचे धागे एकमेकांत गुंफून करीत. आयर्लंडची लेस फार प्राचीन आहे असें समजणारे लोक पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिति तशी नाहीं. तेथें जी लेस जगप्रसिद्ध झाली ती जवळ जवळ सर्व एकोणिसाव्या शतकांतली आहे, आणि ती परंपरेनें आलेली नसून गरजेनें शिकलेली आहे.

आरंभ मोनाहन परगण्यांत झाला. डोनामॉयन येथील प्रोटेस्टंट धर्मगुरूची पत्नी मिसेस ग्रे पोर्टर हिनें इटलीच्या प्रवासांत जाळीवर मलमल लावून केलेलें काम पाहिलें होतें. तें आपल्या दासीच्या साहाय्यानें घरीं करून पाहून १८२० च्या सुमारास तिनें शेजारच्या मुलींस शिकविलें, आणि जवळच्या कॅरिकमॅक्रॉस गांवाचें नांव त्या लेसला मिळालें. तिची रीत अशी : नमुन्याच्या कागदावर बारीक जाळी पसरावयाची, जाळीवर अतितलम मलमल, आणि खालची जी रेघ वरून दिसते तिच्यावर एक जाडसर धागा बारीक टांक्यांनीं बसवीत जावयाचा. फुलें-पानें अशीं बांधून झालीं म्हणजे त्यांच्याबाहेरची मलमल कात्रीनें कापून टाकावयाची. राहिलेली मलमल फूल होते आणि उघडी पडलेली जाळी आकाश होते. कापतांना खालच्या जाळीचा एक धागा जरी तुटला तरी आठवड्यांचें काम वायां जातें. म्हणून या कामाच्या कात्रीच्या एका पात्याच्या टोंकास बोंडासारखी गोळी असते. इंग्लंडच्या राजघराण्यांतील १९८१ च्या विवाहांत वधूच्या पोषाखावर याच जातीची जुनी लेस लावली होती. २०११ च्या विवाहांत ही रीत पुन्हां वापरली, तेव्हां काम करणाऱ्या बायका दर अर्ध्या तासानें हात धूत व दर तीन तासांनीं सुई बदलीत. आमच्या हवेंत दर अर्ध्या तासानें हात धुऊन तरी भागेल कीं नाहीं कोण जाणे!

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ही जी खालची जाळी, ती यंत्रावर विणलेली होती. जॉन हीथकोट या इंग्रजानें १८०८-०९ सालीं जाळी विणण्याचें यंत्र काढलें, तेव्हां हातानें जाळी करणाऱ्यांचा धंदा बुडाला. १८१६ सालीं संतप्त कामकऱ्यांनीं त्याच्या लफबरो येथील कारखान्यांतील यंत्रें फोडलीं. परंतु त्याच स्वस्त जाळीवर आयर्लंडांतील हजारों हातांस काम मिळालें. १८२९ सालीं चार्ल्स वॉकर नांवाचा इंग्रज चोवीस मुलींस शिक्षिका म्हणून घेऊन लिमरिक शहरांत आला, आणि तेथें जाळीवर भरतकाम करण्याचा कारखाना त्यानें घातला. लिमरिकची लेस दोन रीतींनीं होते. एकींत सुईनें जाळीच्या घरांतून रफूसारखा धागा ओढीत जातात. दुसरींत जाळी चौकटीवर ताणून बसवितात आणि आंकड्याच्या बारीक सुईनें खालचा धागा वर ओढून साखळी घालतात. ही दुसरी रीत आमच्या वाचकांनीं पाहिलेली आहे. मुंबईंत जरीकाम करणारे कारागीर जी आरी चालवितात, आणि कच्छ-काठेवाडचे मोची पूर्वी कातड्यावर व रेशमावर जी चालवीत, तीच ही. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ती पूर्वेकडून युरोपांत गेली. म्हणजे लिमरिकची मुलगी १८२९ सालीं जो आंकडा हातीं धरून बसली त्याची थोरली बहीण आमच्याच किनाऱ्यावर होती.

परंतु हें सर्व प्रास्ताविक समजावें. १८४५ सालीं आयर्लंडांतील बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि शेतेंच्या शेतें काळीं पडून कुजलीं. गरिबांचें अन्न तेवढें एकच होतें. पुढील सात वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व तापानें मेलीं, आणि तितकींच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ च्या खानेसुमारींत ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्यें ६५ लाख ५२ हजारांवर आली. त्याच वर्षांत त्या देशाच्या बंदरांतून धान्य व गुरें बाहेर जात होतीं, हें लिहितांना लेखणी जड होते. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं; अशक्त माणसें खडी फोडून कोठेंच न जाणारे रस्ते बांधीत. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं आपल्या जिल्ह्यांत खडी फोडली आणि मग घाटकोपर-मुलुंडच्या टेकड्यांवर येऊन पाल ठोकलें, अशीं कुटुंबें आपल्या उपनगरांत आहेत. त्यांस हें चित्र अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

कॉर्क परगण्यांत समुद्रकांठीं यॉल नांवाचें गांव आहे. तेथें प्रेझेंटेशन भगिनींचा मठ होता; हा संघ नॅनो नेगल या साध्वीनें १७७५ सालीं कॉर्क येथें गरिबांच्या मुलींना शिकविण्यासाठीं स्थापिला. दुष्काळाच्या त्या आरंभींच्या दिवसांत मठांतील मदर मेरी ॲन स्मिथ हिच्या हातीं इटलीच्या जुन्या लेसचा एक तुकडा होता. ती कशी करतात हें सांगणारें कोणी नव्हतें. तेव्हां तिनें तो तुकडा घेऊन एक एक धागा उसवीत नेला, आणि प्रत्येक टांका कोठून निघतो व कोठें बसतो हें डोळ्यांनीं टिपून घेतलें. मग स्वतः तो टांका घालून पाहिला, आणि शाळेंतील ज्या मुलींचा हात सुईस चांगला होता त्यांस शिकविला. १८५२ सालीं तेथें लेसची रीतसर शाळा उघडली. आम्हीं पुष्कळ धर्मवीरांचीं चरित्रें वाचलीं आहेत. परंतु मठाच्या खिडकीशीं बसून लेस उसवणाऱ्या या भगिनीचें चित्र आमच्या मनांतून जात नाहीं. चांगली वस्तु उसवण्यास मन होत नाहीं. बाहेर लोक उपाशी असतांना तिचें झालें.

यॉलची लेस निव्वळ सुईची आहे. तिच्याखालीं यंत्राची जाळी नाहीं. नमुना कापडाच्या दुहेरी घडीवर मांडतात, त्याच्या रेघांवरून धागा बसवून वरचेवर टांचून घेतात, आणि मग त्या धाग्यांच्या मधील जागा काजाच्या टांक्यानें भरून काढतात. शर्टाच्या काजास आपल्या घरीं जो टांका घालतात तोच हा. तो घट्ट घातला कीं पाकळी भरते, सैल घातला कीं जाळी होते, दोन टांके सोडून घातला कीं नक्षी उमटते. या एका टांक्याच्या कितीतरी जाती त्या मुलींनीं बसविल्या. सुई खालच्या कापडांत शिरत नाहीं. ती धाग्याधाग्यांतूनच जाते. अखेरीस कापडाच्या दोन घड्यांमध्यें पातें घालून टांचणीचे दोरे कापले म्हणजे लेस सुटून हातीं येते, आणि कापड मागें राहतें. केनमेअर येथें पुअर क्लेअर भगिनींचा मठ १८६१ सालीं स्थापन झाला. तेथें हेंच काम कापसाऐवजीं अळशीच्या धाग्यानें करीत.

सुईची लेस उत्तम खरी, परंतु ती सावकाश होते, आणि भुकेला सावकाशपणा मानवत नाहीं. त्यामुळें सर्वांत अधिक पोटें भरलीं तीं क्रोशानें. क्रोशास एक आंकड्याची सुई आणि एक रीळ एवढें भांडवल पुरे. आणि म्हातारीपासून शाळेंतल्या पोरीपर्यंत कोणासहि तो चुलीपाशीं बसून करतां येतो. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाईन भगिनींनीं तो गरीब मुलींस शिकविला. उत्तरेस क्लोनिस गांवीं प्रोटेस्टंट धर्मगुरूची पत्नी कॅसांड्रा हँड हिनें १८४७ सालीं, म्हणजे दुष्काळाच्या अति भयंकर वर्षीं, बाहेरून शिक्षिका आणवून हें काम चालू केलें. या कार्यांत आमच्या भगिनींइतक्याच त्या दोन प्रोटेस्टंट बायकाहि श्रेयाच्या धनी आहेत, हें येथें सांगितलेंच पाहिजे. रियेगो द ला ब्रांशार्दियेर नांवाच्या, आयरिश आईच्या पोटीं जन्मलेल्या बाईनें जुन्या स्पॅनिश सुईलेसचें रूप क्रोशांत कसें आणावें याचे नमुने छापून काढले, आणि त्यामुळें ही विद्या पुस्तकाच्या वाटेनें घरोघर व देशोदेशीं गेली.

आयरिश क्रोशाची खूण अशी : तो एका टोंकापासून सलग विणीत नाहींत. गुलाब, पान, द्राक्षांचा घोंस असे तुकडे प्रथम वेगवेगळे करतात, आणि ते उठून दिसावे म्हणून जाड दोरा आंत धरून त्याच्यावरून टांके घालतात. मग हे तुकडे उलटे करून कापडावर ठेवून टांचतात, आणि मधील जागा साखळीनें व गांठींनीं जोडतात. क्लोनिसची गांठ प्रसिद्ध आहे. सुई दोऱ्याखालून व दोऱ्यावरून पुनःपुन्हां फिरवून ती एका ओढीनें आवळतात. एका घराचा गुलाब तर दुसऱ्या घराची द्राक्षें, असे नमुने कुटुंबांत वांटलेले असत, आणि शेजारीण आली तर काम पदराखालीं जाई. झोंपडींत गवताळ मातीचा विस्तव जळत असे. त्याच्या धुरानें काम काळवंडे, तें धुऊन शुभ्र केल्यावर मगच बाजारांत जाई. त्या पैशानें भाडें दिलें गेलें, पीठ आलें, आणि पुष्कळांचें अमेरिकेचें तिकीट निघालें.

दुष्काळ सरल्यावर मालाचा दर्जा घसरला. एकच नमुना शेंकडों हातांतून उतरत गेला म्हणजे गुलाबाचा कोबी होतो. १८८३ सालीं कॉर्क येथें प्रदर्शन भरलें तेव्हां हें सर्वांच्या ध्यानांत आलें. तेथील कलाशाळेचे जेम्स ब्रेनन व लंडनचे ॲलन कोल यांनीं मठांमठांत चित्रकलेचे वर्ग सुरू करविले, आणि भगिनी व मुली स्वतः नवे नमुने काढूं लागल्या. त्यानंतरचीं तीस वर्षें या कलेचा उत्कर्षकाल होय. १९११ सालीं बेलफास्टच्या स्त्रियांनीं राणी मेरीस यॉलच्या लेसचा लांब पायघोळ भेट दिला, आणि तिनें तो त्याच वर्षींच्या हिंदुस्थान-भेटींत वापरला. राजाराणी २ डिसेंबर १९११ रोजीं आपल्याच मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरलीं. गेटवे ऑफ इंडिया ही कमान त्याचीच खूण आहे. तेव्हां दुष्काळांत उसवलेल्या त्या तुकड्याची नात राणीच्या सामानाच्या पेटींतून आपल्या बंदरांत आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कमानीवर राजाराणीचीं नांवें कोरलीं आहेत. लेस करणाऱ्या मुलींचीं नांवें कोठें कोरलीं जात नाहींत.

आपल्या देशांत ही विद्या आयर्लंडच्याहि आधीं एका वाटेनें आली होती. नागरकोइल येथें मार्था मॉल्ट या प्रोटेस्टंट मिशनरी बाईनें १८२० नंतरच्या वर्षांत लेसची शाळा काढली. त्रावणकोरांत तेव्हां गुलामगिरी होती, आणि लेसच्या कमाईवर कित्येक मुलींनीं आपली मुक्तता विकत घेतली. त्याच भागांत मुळगुमूडु येथें १८९७ सालीं बेल्जियमहून मदर मारी लुईज द मेस्टर आल्या, आणि त्यांच्या मठांत फ्लांडर्सच्या पद्धतीची लेस होऊं लागली. आयर्लंडच्या प्रेझेंटेशन भगिनी १८४२ च्या जानेवारींत मद्रासेस पोंचल्या, आणि त्याच सुमारास लॉरेटो भगिनी कलकत्त्यास. गोमंतकांत क्रोशा पोर्तुगीजांच्या वाटेनें गेला. कॉन्व्हेंट म्हटलें कीं शिवणवर्ग, आणि शिवणवर्ग म्हटला कीं क्रोशा, हें समीकरण मुंबईच्या ख्रिस्ती घरांत दोन-तीन पिढ्या तरी पक्कें होतें. आपल्या वेदीवरील वस्त्र त्या समीकरणाचें अपत्य आहे.

आतां एक अप्रिय गोष्ट. आंध्रांत गोदावरीच्या मुखाशीं नरसापूर भागांत क्रोशा-लेसचा मोठा धंदा मिशनच्या शिकवणुकींतूनच उभा राहिला. मारिया मीस या जर्मन विदुषीनें तेथील बायकांविषयीं १९८२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बायका दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणीत, माल परदेशीं जाई, व्यापारी पुरुष श्रीमंत होत, आणि विणणारीस अत्यल्प मजुरी मिळे; कारण ती कामकरीण नसून फावल्या वेळांत हात चालविणारी गृहिणी आहे, असें सर्वांनीं, तिनें स्वतःहि, धरून चालविलें होतें. आयर्लंडांतहि मध्यस्थांनीं असेंच केलें होतें. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ च्या विश्वपत्रांत न्याय्य मजुरीचा जो आग्रह धरला, तो गिरणीच्या पुरुषांपुरता आहे अशी आमच्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. लेस ही दानधर्माची वस्तु आहे, अशी भाषा मठांत व मिशनांत फार चालली, आणि त्या भाषेच्या आडून हिशेब पाहावयाचा राहून गेला. आमच्या या वस्त्राचे पैसे त्या बाईस मिळाले होते काय, असें आम्हीं तिच्या मुलीस विचारलें. ती हंसली आणि म्हणाली, "फादर, दोरासुद्धां आमचाच होता."

गेल्या लेंटच्या उपासकाळांत वस्त्राची दुरुस्ती झाली. फिरगजेंत क्रोशा जाणणाऱ्या बायका शोधल्या तेव्हां तीन सांपडल्या. तिघींसहि गुलाब येत होता. परंतु मधली गांठ कोणालाच येत नव्हती, कारण ती त्या आईनें मुलीस शिकविलीच नव्हती. शेवटीं त्या वृद्ध बाईनें चष्मा लावला आणि सुटलेल्या भागाजवळची चार बोटें जाळी जपून उसवली. तीन संध्याकाळ त्यांत गेल्या. त्या बसल्या होत्या तेव्हां त्यांस यॉलची गोष्ट ठाऊक नव्हती. आम्हीं ती नंतर सांगितली, आणि त्यांस त्यांत विशेष असें कांहीं वाटलें नाहीं. "दुसरें काय करणार होती ती?" असें त्यांतील एक म्हणाली.

वेदी सजविणाऱ्या भगिनींसाठीं त्यांनींच सांगितलेलें येथें लिहून ठेवतों. हें वस्त्र गरम पाण्यांत घालूं नये व चोळूं नये. थंड पाण्यांत साध्या साबणानें रात्रभर भिजवून हातांनीं दाबून काढावें. पिळूं नये. ओलें असतांना टॉवेलावर पसरून प्रत्येक पाकळी बोटांनीं सरळ करावी, व सावलींत वाळवावें. इस्त्री उलट बाजूनें करावी, म्हणजे गुलाब चेपत नाहींत. घडी घालूं नये. स्वच्छ कापडाच्या गुंडाळीभोंवतीं गुंडाळून ठेवावें, आणि पावसाळ्यांत पंधरा दिवसांनीं एकदां हवेस उघडावें. प्लॅस्टिकच्या पिशवींत तें कधींहि ठेवूं नये.

जुबिलीच्या मिस्सेस तें मोठ्या वेदीवर अंथरलें जाईल. दुरुस्त केलेला कोंपरा शुभवर्तमान-वाचनाच्या बाजूस आहे. नवा दोरा जुन्याहून किंचित् अधिक पांढरा असल्यामुळें जवळ गेल्यास ओळखूं येतो.